अडीच मीटर निळे कापड

मित्रांनो, तुम्ही मला एका हाताने उचलायला गेलात तर मनगट दुखेल. मी शिंप्याची जुनी कात्री आहे. बारा इंच लांब, काळ्या मुठीची आणि अंगाने चांगली जड.

एका लोहाराने मला भट्टीत तापवून घडवले. माझी दोन पाती घासून त्याने मध्ये खिळा ठोकला, मला कानापाशी नेऊन दोनदा उघडझाप केली आणि तो एवढेच म्हणाला, "ही नीट बोलते." तिथून मी कोट शिवणाऱ्या एका मास्तरांकडे गेले. ते खडूची रेघ ओढत आणि मी त्या रेघेवरून तसूभरही न ढळता चालत असे. गिऱ्हाइकाने मास्तरांच्या हाताचे कौतुक केले की मास्तर माझ्याकडे बोट दाखवत. ते माझे भाग्याचे दिवस होते.

पुढे जिकडेतिकडे तयार कपडे मिळू लागले आणि मास्तरांच्या दुकानाला कुलूप लागले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला दुकानात काजबटणे करणाऱ्या बाईंच्या हाती सोपवले. "माझ्या हातांना आता हिचं वजन झेपत नाही. तुम्ही सांभाळा," ते म्हणाले.

या बाई म्हणजेच आमच्या फिटिंगकाकू. जिन्याखालच्या खोलीत त्यांनी शिलाई मशीन मांडले. लोक तयार कपडे घेऊन येत आणि काकू लांब असेल ते आखूड करीत, घट्ट असेल ते उसवून सैल करीत. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांनी बेतलेले कपडेच सुधारले. कोरे कापड एकदाही कापले नाही. उसवायला छोटी कात्री पुरते, म्हणून मी खणात पडून राहिले. एकदा काकांनी मला घेऊन पत्र्याचा डबा कापला आणि माझ्या पात्याला खाच पडली. काकू दोन दिवस काकांशी बोलल्या नाहीत, पण मला धार लावायचे राहूनच गेले.

एके दिवशी त्यांची सून एक कागद घेऊन आली.

"आई, कपडे बेतायला शिकवणारं शिबिर आहे. पाच दिवस राहायचं. मी तुमचं नाव घातलंय."

"अगं, तिथे शिकलेली माणसं येणार. माझं काय काम?"

"तुम्हीही शिकायलाच जाताय ना?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला धारवाल्याकडे नेले. ठिणग्या उडाल्या, खाच गेली आणि कितीतरी वर्षांनी मी पुन्हा नीट बोलू लागले.

शिबिर तळ्याकाठच्या एका शाळेत होते. सुटीमुळे शाळा रिकामी होती. खालच्या दालनात तीन टेबले जोडून एक लांबच लांब टेबल केले होते. उंच खिडक्यांतून त्यावर ऊन पडले होते. सोळा माणसे आली होती. शिकवणाऱ्या बाईंनी एक साधे पांढरे कापड उचलून कापडी पुतळ्याच्या खांद्यावर टाकले. ना टेप, ना खडू. इथे चिमूट घेतली, तिथे टाचणी टोचली, आणि पाहता पाहता त्या चौकोनी तुकड्यातून गळा, खांदा आणि बाही उमटली. मी शेकडो कोट कापले होते, पण कापायच्या आधी कापडालाच 'तुला कुठे पडायचे आहे' असे विचारता येते, हे मला ठाऊक नव्हते. मी थक्क झाले. काकूंचे तोंड उघडेच राहिले होते.

मग बाईंनी काम सांगितले. प्रत्येकाने शेजारी बसलेल्या माणसासाठी एक कपडा बेतायचा.

काकूंच्या शेजारी बसच्या निवृत्त कंडक्टरताई बसल्या होत्या. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात उचलला जात नव्हता. धाकटी बहीण सोबत आली होती. तीच त्यांना रोज कपडे घालून देत असे. कंडक्टरताईंनी पिशवीतून गडद निळे कापड काढले. अडीच मीटर. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या सगळ्यांनी मिळून दिलेले, तेव्हापासून घडी न मोडलेले.

बाईंनी कागदावर एक सुंदर अंगरखा काढून दाखवला. काकू चित्रावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "हा डोक्यातून घालावा लागेल. यांना नाही जमणार."

बाईंनी चित्राकडे पाहिले, मग कंडक्टरताईंच्या हाताकडे. तो कागद त्यांनी उलटा ठेवला. "बरोबर आहे तुमचं. तुम्हीच सांगा, कसा हवा?"

काकूंनी टेप बाजूला ठेवली. "ताई, हे अंगातलं जॅकेट तुम्ही एकट्या काढून दाखवाल का? घाई नको."

जिन्याखालच्या खोलीत काकूंनी तऱ्हेतऱ्हेची शरीरे पाहिली होती. हात कुठे अडतो, खांदा कुठे थांबतो, सारे त्यांनी नीट टिपले. दोन दिवस जुन्या चादरींवर बेतणे चालले. पहिल्या चादरीतून बेतलेली बाही काखेत ताणली गेली. दुसरीला काकूंनी बाहीचा जोडच काढून टाकला, बाही आणि अंग एकाच तुकड्यात बेतले आणि उजवी बाही खालून मनगटापासून कमरेपर्यंत उघडी ठेवली. पुढून उघडा असा तो कपडा पलंगावर पसरायचा, हात त्यावर ठेवायचा आणि बाही मिटायची. बटणांच्या जागी पर्सला असतात तशी चुंबके, डाव्या हाताने लागणारी.

चौथ्या दिवशी निळे कापड टेबलावर आले. काकूंनी मला उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

"बाई, तुम्ही कापा. मी कोरं कापड कधी कापलेलं नाही. हे चुकलं तर दुसरं कुठून आणू?"

बाई काही बोलायच्या आत कंडक्टरताई म्हणाल्या, "काकू, चुकलं तर उशीला अभ्रे करू. पण कापायचं तुम्हीच. माझा हात कुठवर जातो ते तुम्हालाच ठाऊक आहे."

काकूंनी डावा तळवा कापडावर ठेवला. माझे खालचे पाते टेबलाला टेकले आणि मी निघाले. मित्रांनो, मास्तरांकडे मी लोकरीचे भारी कापड कापले होते, पण असा काप कधी दिला नव्हता. काकूंच्या पुढे या वेळी एकही टाका नव्हता, उसवायला जुनी शिवण नव्हती. नुसते निळे कापड आणि एक खडूची रेघ. काकू श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा बाही कापून झाली होती.

रात्रीच अंगरखा शिवून कंडक्टरताईंच्या हाती गेला. शेवटच्या सकाळी त्याच दालनात नाश्ता मांडला होता. मी टेबलाच्या टोकाला होते. धाकटी बहीण एकटीच खाली आली. "ती म्हणाली, तू हो पुढे," ती सांगत होती, पण तिचे लक्ष जिन्याकडे होते. दहा मिनिटे गेली. वीस गेली. ती दोनदा उठली.

"बस गं," काकू म्हणाल्या. "वेळ लागू दे."

मग जिन्यावर पावले वाजली. कंडक्टरताई कठड्याला धरून खाली येत होत्या, निळ्या अंगरख्यात. एक चुंबक चुकीच्या जागी लागले होते आणि कडेला कापड थोडे फुगले होते. बहिणीचा हात ते नीट करायला पुढे गेला आणि मध्येच थांबला. तिने तो मागे घेतला.

"काखेत एक बोट सैल झालंय," काकू पुटपुटल्या.

"राहू दे," कंडक्टरताई खुर्ची ओढत म्हणाल्या. "उद्याही मीच घालणार आहे."

आता जिन्याखालच्या खोलीत कोरे कापडही येते. चाकांच्या खुर्चीवरून येणारे, वाकलेल्या पाठीचे, थरथरत्या बोटांचे लोक येतात आणि काकू प्रत्येकाला आधी विचारतात, "कपडा कसा घालता, दाखवाल का?" मी खणात नसते, मशीनच्या उजव्या अंगाला असते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना कोरडे ठेवा, कधीमधी तेलाचा थेंब द्या, तेवढे आम्हाला पुष्कळ होते. माणसांसाठी मात्र एक मागणे आहे. कुणी बटण लावत असेल आणि त्याला वेळ लागत असेल, तर लगेच हात पुढे करू नका. शेजारी बसा आणि जरा थांबा.