डिंपलचा प्रकल्प

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्याकडच्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनीची धांदल सुरू होते. मुलं पाच वाजता दप्तर उचलून घरी जातात आणि गुरुजी थर्माकोल, फेविकॉल आणि वायरची भेंडोळी घेऊन बसतात. ज्याला जमतं तो तयार मॉडेलच विकत आणतो. मग वर्गातली एखादी मुलगी निवडायची, तिच्याकडून दोन पानं घोकून घ्यायची, वेणीला नवी रिबीन बांधायची आणि तिला टेबलामागे उभी करायची. पाहुणे येतात, टाळ्या होतात, शिल्ड मिळते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणीच काही बोलत नाही. तुमच्या मुलाचा प्रकल्प घरी कोण करत बसतं, हे मी तुम्हाला विचारत नाही. उत्तर तुम्हीच मनाशी द्या.

कुरखेड्यापासून आत, जंगलाला लागून, एका जुन्या तलावाच्या काठी सातवीपर्यंतची एक शाळा आहे. तिथले भूपेश सर या कामात पटाईत होते. माणूस वाईट म्हणाल तर मुळीच नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर गाडी अलीकडे ठेवून पायी शाळेत येणारे. मुलांवर जीव होता. पण शिल्डची चटक लागली होती. ऑफिसातल्या कपाटावर मागच्या वर्षांच्या शिल्ड ओळीनं मांडलेल्या होत्या आणि सर येता-जाता त्यावरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसायचे.

त्या वर्षी वरून नवीन सूचना आली. प्रकल्प मुलांनीच निवडायचा, मुलांनीच करायचा आणि शाळेला मिळालेल्या टॅबवर त्याचा व्हिडिओ काढायचा. इतके दिवस कुलपात असलेला टॅब बाहेर आला. सरांनी सातवीच्या वर्गात विचारलं, “सांगा, कोणाला कशाचा शोध घ्यावासा वाटतो?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. असला प्रश्न त्यांना कधी कोणी विचारलाच नव्हता. शेवटी मागच्या रांगेतून एक हात हळूच वर आला. हात डिंपलचा होता. डिंपल म्हणजे तलावात मासे धरणाऱ्या गोविंदाची मुलगी. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा पुटपुटायची.

“सर, सकाई सकाई तलावातले मासे वरतं येऊन तोंड काऊन उघडते? दुपारी त नाई येत.”

पोरं खिदळली. सरही हसले, पण टॅब त्यांनी तिच्याच हातात दिला.

मग काय विचारता! डिंपल आणि तिची मैत्रीण गुड्डी, दोघी उजाडता उजाडता तलावावर. सकाळचा व्हिडिओ, दुपारचा व्हिडिओ, ऊन असलेल्या दिवशीचा, ढग असलेल्या दिवशीचा. ज्या बाजूला बेशरमीची झुडपं पाण्यात सडली होती त्या बाजूला जास्त मासे वर येतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. काऊन येतात, यावरून दोघी शाळेच्या वाटेवर तावातावानं भांडायच्या. पुटपुटणारी डिंपल टॅबसमोर उभी राहून मोठ्यानं बोलू लागली.

एका सकाळी गोविंदा जाळं ओढता ओढता थांबला आणि लेकीचं बोलणं ऐकत राहिला. सातवीनंतर पोरीला कुरखेड्याच्या हायस्कूलला पाठवायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. त्यावरून घरात रोज खटके उडायचे, कारण तिच्या आईला, गिरजाला, ते मान्य नव्हतं. त्या दिवशी मात्र तो घरी येऊन बायकोला म्हणाला, “पोट्टी बोलते वो चांगली. प्रदर्शनीत मोठ्या लोकाईसमोर अशीच बोलली त पाठवू आठवीले.”

गिरजानं हे डिंपलला सांगितलं. त्या रात्री ती पोर आनंदानं नीट जेवलीसुद्धा नाही.

इकडे सरांनी टॅबवरचे व्हिडिओ पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. हलणारं चित्र. मधूनच म्हशी येतात. पंचा गुंडाळलेला गोविंदा छातीभर पाण्यात. आणि डिंपलची ती गावठी भाषा! शेवटी उत्तर तर नाहीच, उलट आणखी दोन प्रश्न. सर मुख्याध्यापिका खैरुन मॅडमकडे गेले.

“मॅडम, याच्यावर आपल्याले कोण नंबर देईल?”

खैरुन मॅडम देसाईगंजच्या. घरात किराण्याचा व्यापार, पण यांचं सारं आयुष्य शाळेत गेलेलं. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, “सर, बुरा मत मानो, पण मले त हे आवडलं. पोरगी स्वतः विचार करून राह्यली.”

“आवडून का होते? बाकीच्या शाळा सेन्सर आणून राह्यल्या.”

मॅडम गप्प बसल्या. त्या वेळी त्यांनी गप्प बसायला नको होतं.

सरांनी नागपूरहून मॉडेल मागवलं. माती सुकली की आपोआप पंप सुरू होणार, हिरवा दिवा लागणार, छोट्याशा शेतात कारंजं उडणार. सोबत दोन पानांचं भाषण छापूनच आलं. त्याचा व्हिडिओ काढायचा तर टॅबमध्ये जागा नव्हती. सरांनी तलावाचे सगळे व्हिडिओ पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी डिंपलनं विचारलं, “सर, माहे मासे?”

“ते राहू दे आता. हे पाठ कर. शब्दन् शब्द आला पाहिजे.”

डिंपलनं पाठ केलं. ‘मृदा-आर्द्रता संवेदक’ हा शब्द तिनं कितीदा म्हटला असेल देव जाणे. अर्थ विचारायची तिची हिंमत झाली नाही आणि सरांनाही तो सांगावासा वाटला नाही.

प्रदर्शनी कुरखेड्याच्या त्याच हायस्कूलमध्ये होती, जिथे डिंपलला पुढं शिकायचं होतं. गोविंदा धुतलेला सदरा घालून आला होता. तिथल्या पोरांनी खिडकीशी गर्दी केली होती. परीक्षक आले. डिंपलनं एका दमात भाषण म्हटलं. सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

मग परीक्षकबाईंनी हसून विचारलं, “छान! पण ही कल्पना तुला कशी सुचली गं?”

डिंपलनं सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवून खुणावलं, बोल, बोल. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, “आदरणीय परीक्षक महोदय, आपला देश कृषिप्रधान आहे...”

“नाही गं, ते ऐकलं मी. ही वायर काढली तर काय होईल, ते सांग बरं.”

डिंपलच्या तोंडातून शब्द फुटेना. खिडकीतली पोरं हसायला लागली. एकानं तिची नक्कल केली, “आपला देश, आपला देश!” परीक्षकबाई चांगल्या होत्या, त्यांनी पोरांना दटावलं, डिंपलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. गोविंदा खाली मान घालून उभा राहिला.

आणि तरीही बक्षीस मिळालं! मॉडेल देखणं होतं, म्हणून तिसऱ्या क्रमांकाची शिल्ड शाळेला मिळाली. सरांनी डिंपलच्या हातात ती देऊन फोटो काढला. फोटोत तिचे डोळे सुजलेले दिसतात.

दुसऱ्या दिवसापासून डिंपल शाळेत आली नाही. सरांना वाटलं, ताप आला असेल. आठवडा गेला, दुसरा गेला, फाल्गुन लागला. गुड्डीला विचारलं तर ती जमिनीकडे पाहत म्हणाली, “ते आईसंगं मोहफुलं वेचाले जाते सर, झाडाखाली सफाई करते. शाळेत नाई येत म्हणे.”

खैरुन मॅडमनी सरांना समोर बसवलं.

“सर, एक विचारतो. प्रकल्प कोणाचा होता?”

“डिंपलचा.”

“तिनं कोणता निवडला होता?”

सरांनी कपाटावरच्या शिल्डकडे पाहिलं.

“टॅब तिच्या हातात दिला आपण, पण त्याच्यातून आवाज तुमचाच काढला. असं केलं त त्या टॅबचा काय फायदा? खडू-फळ्यानंही घोकून घेता येते. पोरीले प्रश्न पडला होता सर! हजारात एखाद्या लेकराले पडते. तो आपण पुसून टाकला, जागा नाई म्हणून. मीही गप्प बसली. शिल्ड मलेही गोड लागत होती.”

“मॅडम, मी तिच्या भल्यासाठीच...”

“भलं तिले विचारलं का कोणी?”

सर रात्रभर तळमळले. सकाळी उठून ते सरळ तलावावर गेले. दोन-तीन दिवसांपासून अवकाळी ढग दाटले होते. तलावाच्या काठाला एकच वास सुटला होता. पाण्यावर पांढरी पोटं वर करून प्राणवायूवाचून गुदमरलेले मासेच मासे तरंगत होते, रोहू, कतला, सगळे. गोविंदा, गिरजा आणि डिंपल ते टोपलीत भरत होते. विकायच्या लायकीचे राहिलेले नव्हते, तरी पाणी नासू नये म्हणून काढायलाच हवे होते.

सरांना ते हलणारे व्हिडिओ आठवले. ढगाच्या दिवशी जास्त येते, सडक्या बाजूले जास्त येते, असं ती पोर त्यात सांगत होती. कोणी तो धागा धरला असता, कुरखेड्यात जाणकाराला विचारलं असतं, ती सडकी बेशरमीची झुडपं काढली असती, तर मासे वाचले असते का? कदाचित वाचले असते, कदाचित नसतेही. पण विचारायला तरी काही उरलं असतं.

ते पाण्याच्या कडेला गेले आणि म्हणाले, “डिंपल, बेटा, तू पाहिलं होतंस ना हे? मासे वर काऊन येतात? सांग बरं मला.”

डिंपलनं टोपली खाली ठेवली. हात परकराला पुसले. शाळेत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “तुमी लिहून द्या न सर. मी पाठ करतो.”

अरेरे! तिच्या बोलण्यात टोमणा असता तर सरांना सोसवलं असतं. पण ती मनापासून म्हणत होती. सर बोलतील ते बोलायचं, हेच ती शाळेत शिकली होती. भूपेश सर तिथेच चिखलात खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

“गोविंदाभाऊ,” ते डोळे पुसत म्हणाले, “त्या दिवशी ती नापास झाली नाही. मी झालो. तिचं काम मी पुसलं आणि माझं तिच्या तोंडात कोंबलं. तिला आठवीत पाठवा, मी पाया पडतो.”

गोविंदा म्हणाला, “मले काऊन सांगता जी? तिले सांगा.”

सरांनी डिंपलला सांगितलं. परीक्षेपुरती ती शाळेत आली तेव्हा भर वर्गातही सांगितलं, हात जोडून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पण जूनमध्ये गुड्डी आणि बाकीची मुलं कुरखेड्याच्या बसमध्ये चढली, तेव्हा डिंपल त्यांच्यात नव्हती. गोविंदा आता तयार होता. गिरजानं विनवून पाहिलं. डिंपलचंच म्हणणं एक, “त्या शाळेत मी नाई जात. तिथचे पोट्टे हासते.”

त्या वर्षी सरांनी मॉडेल मागवलं नाही. नव्या सातवीतल्या मुलांनी तलावच निवडला. व्हिडिओ पुन्हा हलणारे, भाषा पुन्हा गावची. सर फक्त टॅब चार्ज करून द्यायचे आणि मुलांच्या मागं उभे राहायचे. कुणी अडलं की जीभ वळवळायची, पण ते ओठ मिटून घ्यायचे. मुख्याध्यापिकांना ते म्हणाले, यंदा शिल्ड येणार नाही. मॅडम म्हणाल्या, न येवो.

थंडीतल्या एका सकाळी मुलं काठावर होती. जिशान नावाचा मुलगा टॅबसमोर ठासून सांगत होता, “मासे सकाई ऊन खाले वरतं येते.”

जवळच डिंपल बापासोबत जाळं झटकत होती. तिचे हात थांबले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि एकदम ओरडली, “नाई रे! ऊन निंगालं का ते खालतं जाते. ढग असला त जास्त येते. म्या पाह्यलं हाये!”

सगळे वळले. सरांना कितीतरी बोलावंसं वाटलं. ते बोलले नाहीत. जिशाननं टॅब तिच्याकडे फिरवला आणि डिंपल बोलू लागली, आधी अडखळत, मग भराभर. कोणी तिला लिहून दिलं नव्हतं.

ती थांबल्यावर गोविंदा सरांजवळ आला. “आता घेतीन का जी इले आठवीत?”

“येत्या जूनला घेतील. मी स्वतः जाऊन बोलतो. पण आधी तिला विचारा, भाऊ.”

बापानं लेकीला विचारलं. डिंपलनं पाण्याकडे पाहिलं.

“जाईन,” ती म्हणाली. “पण गुड्डी आता माह्यापुढं गेली न बाबा.”

गेलेलं वर्ष सर तिला कुठून आणून देणार?

म्हणून सांगतो, मुलांच्या हातात टॅब जरूर द्या, कॉम्प्युटर द्या, कॅमेरा द्या. पण त्यांना पडलेला प्रश्न त्यांच्यापाशी राहू द्या. तो वेडावाकडा असेल, गावच्या भाषेत असेल, त्याला बक्षीस मिळणार नाही. मिळालं नाही तर नाही. आपलं शहाणपण त्यांच्या तोंडी घालून आपण टाळ्या मिळवतो आणि त्याची किंमत लेकरं भरतात. डिंपल पुन्हा बोलली, तिला एक वर्ष लागलं. सगळीच मुलं पुन्हा बोलत नाहीत.