स्वच्छ आवाराची परीक्षा

मुलाखतीच्या दिवशी सकाळी साडेआठला निवडुंगबाई संस्थेच्या फाटकातून आत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. आवार चकाचक झालं होतं. फरशांच्या फटी खरवडलेल्या, गटाराच्या कडा घासून धुतलेल्या, आणि मागची जुनी विटांची भिंत नुकतीच दाढी केलेल्या माणसासारखी गुळगुळीत. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निवडुंग हे नाव त्यांना हाताखालच्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ते आपल्याला माहीत आहे हे बाईंनी कधी लपवलं नाही. धाकटा भाऊ तर तोंडावर म्हणायचा, "तुझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, ताई म्हणायचीसुद्धा भीती वाटते." पण आजचा राग रास्त होता. शहरात आपोआप उगवणाऱ्या, कुणी न लावलेल्या वनस्पतींवर काम करायला एक तरुण शास्त्रज्ञ हवा, हे सांगून सांगून बाईंची जीभ झिजली होती. तीन वर्षांनी जागा मंजूर झाली. बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या. योग्य माणूस मिळाला नाही तर ती जागा कुठल्या तरी दुसऱ्या विभागाच्या घशात जाणार आणि भिंतींवरची, गटारांवरची ती बारकी हिरवी प्रजा वाऱ्यावर पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून परीक्षाही त्यांनीच ठरवली होती. एक तास, एक कागद: आवारात आपसूक उगवलेल्या झाडाझुडपांची यादी करा. पडद्यावर चित्रं दाखवून कुणीही शास्त्रज्ञ होतो, बाईंना वाकून बघणारं माणूस हवं होतं.

त्या तरातरा संचालकांच्या खोलीत शिरल्या.

"आवार कुणी साफ करायला सांगितलं?"

"मी," संचालक हसून म्हणाले. "बाहेरची मंडळी येणार. तण माजलेलं बरं दिसतं का?"

"साहेब, त्या तणाचीच परीक्षा होती."

"मग कुंड्या आहेत की. चांगल्या चाळीस कुंड्या आहेत."

बाईंना बोलायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते बोलता येत नव्हतं. मागच्या भिंतीच्या एका फटीत मसुरीएवढ्या जांभळ्या फुलांची तीन रोपं होती. या शहरातून ती वनस्पती संपली असं सगळे धरून चालले होते, आणि बाई अकरा वर्षं त्या तिघांना गुपचूप जपत होत्या. गुपचूप, कारण पूर्वी एकदा त्यांनी भर सभेत एका दुर्मीळ कंदाची जागा सांगितली होती, आणि आठवड्याभरात हौशी लोकांनी तिथे नुसते खड्डे शिल्लक ठेवले होते. तेव्हापासून बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. संचालकांना नाही, सहकाऱ्यांना नाही, कुणालाच नाही.

उमेदवार येऊन बसले होते, परीक्षा पुढे ढकलायला संचालक तयार होईनात. पहिल्या उमेदवाराने सुरेख अक्षरात चाळीस कुंड्यांची यादी करून दिली. दुसऱ्याने नळाजवळ चुकून वाचलेली तीन रोपं नोंदवली आणि उरलेल्या पानावर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शहराची हिरवाई कशी मोजावी यावर निबंध लिहिला. तिसरी उमेदवार, एक किडकिडीत मुलगी, दहा मिनिटं भिंतीपाशी उभी राहिली आणि दिसेनाशी झाली. ती परतली तेव्हा वेळ संपून दहा मिनिटं होऊन गेली होती. गुडघ्यांना चिखल, नखांत माती. कागदावर एक्केचाळीस नावं होती आणि वर लिहिलं होतं, 'आज सकाळी उपटलेल्या'.

"माळीकाकांना विचारलं कचरा कुठे टाकला," ती म्हणाली. "कुंपणापलीकडे, शेडच्या मागे ढीग आहे. तो निवडला." मग तिने टेबलावर ओला रुमाल उलगडला. "याचं नाव मला येत नाही. भिंतीवरचं असावं, मुळांना चुना आहे. अशी तीन होती. दोन सुकली."

रोपाची पानं मलूल होती, मुळं मात्र अजून ओली होती. एवढं दुःख झालं की त्याचा त्यांना रागच आला, आणि समोर ती मुलगीच होती.

"नाव येत नाही, मग उचललंत कशाला?"

"ढिगातलं बाकी सगळं ओळखीचं होतं. हे नव्हतं, म्हणून."

"अकरा वर्षांची नोंद आहे याची माझ्याकडे. अकरा वर्षांची."

मुलीने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "माळीकाकांना माहीत होतं?"

बाहेरून आलेले परीक्षक, एक मवाळ प्राध्यापक, चष्मा पुसू लागले.

"ज्यांचा हात रोज या भिंतीवरून फिरतो, त्यांच्यापासूनच लपवलंत," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता, नुसता राग होता. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालची पोर, नोकरी मागायला आलेली, आणि आपल्याला शिकवते.

मुलीला बाहेर पाठवल्यावर संचालकांनी कागद पुढे ओढले. "तिसरी बाद. आवाराबाहेर गेली, उशीर केला, वर उद्धटपणा. दुसरा ठीक आहे. आणि रोप इतकं मोलाचं असेल तर माळ्याला नोटीस काढू."

"पाच मिनिटं थांबा," म्हणून बाई उठल्या.

माळी शेडपाशी खुरपं धूत होता. बाईंची चाहूल लागूनही त्याने मान वर केली नाही.

"दादा, भिंतीवरची ती तीन रोपं..."

"सांगितलं त्या मुलीने." त्याने खुरपं आपटून पाणी झटकलं. "बाई, एकोणीस वर्षं झाली मला इथे. तुमच्या काचघराची किल्ली माझ्या कमरेला असते. तुम्ही गावाला गेलात की घरच्या कुंड्यांना पाणी मीच घालतो. एकदा म्हणायचं होतं, याला हात लावू नको. बस, एवढंच. लावला असता का मी हात?"

"चोरांची भीती होती."

"म्हणजे मी चोर."

माळ्याने खुरपं कमरेला खोचलं आणि तो त्यांच्या अंगावरून निघून गेला. एकोणीस वर्षांत तो असा कधी गेला नव्हता. बाई तिथेच उभ्या राहिल्या. साहेबांवरचा राग, त्या मुलीवरचा राग, सगळा फिरून स्वतःवरच आला.

परत येऊन त्यांनी निवडीचा कागद ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात, रकाना संपल्यावर समासात, लिहीत गेल्या. 'उमेदवार तीन आवाराबाहेर गेली, कारण आवारात परीक्षेसारखं काही उरलंच नव्हतं. नष्ट झालेल्या रोपांचा ठावठिकाणा मी अकरा वर्षं सर्वांपासून लपवला. माळ्याचा दोष नाही. दोष माझा आहे. जागा उमेदवार तीनला द्यावी.' खाली पूर्ण सही केली.

संचालकांनी वाचलं आणि आवाज खाली आणला. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभराने तुमचा निरोप समारंभ आहे. हे दप्तरात राहील."

"राहू दे. चोर सोडून संन्याशाला फाशी मी होऊ देणार नाही. तुम्हाला दुसरा घ्यायचा असेल तर माझ्या शेऱ्याखाली तसं लिहा आणि सही करा."

संचालकांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. प्राध्यापकांनी मात्र कागद आपल्याकडे ओढला, दोनदा वाचला आणि बाईंच्या सहीखाली सही केली. दोन विरुद्ध एक झालं.

मुलगी बाहेरच्या बाकावर रुमालावर पाणी शिंपडत बसली होती. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"जागा तुमची. पत्र मिळेल."

मुलीने आभार मानले नाहीत. तिने ओला रुमाल रोपाच्या मुळांभोवती गुंडाळला. "अशी आणखी किती ठिकाणं तुम्ही लपवून ठेवली आहेत? शहरात?"

"तेवीस."

"तिथे कोण झाडतं?"

बाईंनी पिशवीतून वही काढली. तेवीस ठिकाणं, प्रत्येकाला चार पानं. ऊन किती तास, ओल किती, चुना किती, फुलं कधी, बी कधी. अकरा वर्षांचं बारीक अक्षर. त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेल्या, आणि मुलगी शेजारून बघत होती. एकाही ठिकाणापुढे माणसाचं नाव नव्हतं.