चढावर शेपटाने बोलायचं नाही

सायकलफेरीच्या आयोजकांनी या वर्षी सगळ्यांना एकसारखी नारिंगी जाकिटं वाटली. मी शिवणकामावर पोट भरते, त्यामुळे कापड हातात आलं की आधी शिवण उलटी करून बघते. बघितली आणि डोक्यात तिडीक गेली. धागा कच्चा, काखेत कापड कमी, आणि जाड्या-बारीक सगळ्यांना एकच माप.

"सब घोडे बारा टक्के!" मी म्हटलं. "आपले निळे शर्ट काय वाईट होते? लांबून ओळखू तरी यायचो."

"घाल गं मुकाट्याने," दादा म्हणाला. "लोकांकडे मदत मागायला निघालोय आणि कपड्यांचा केवढा तोरा!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभा जन्म लेथ मशीनपुढे गेला त्याचा. ज्या हॉस्पिटलच्या किडनी विभागासाठी ही दोन दिवसांची सायकलफेरी निघते, तिथेच वहिनीचं रक्त शुद्ध करायचे. ती बरी असताना फेरीत यायची, आजारी पडली तरी पहिली दोन वर्षं आलीच. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता आम्ही चौघं उरलो होतो. मी, गणिताचे मास्तर, आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि दादा.

आमची रांग ठरलेली. मी सगळ्यात पुढे. "तुझी जीभ नाहीतरी सगळ्यांच्या पुढेच असते, मागोमाग तूही जा," असं दादानेच ठरवलं होतं. सगळ्यात मागे वहिनी. तिला आम्ही शेपूट म्हणायचो आणि ती हसायची. दर वळणाला मी ओरडायचं, "शेपूट?" मागून तिने ओरडायचं, "आहे!" उत्तर नाही आलं तर सगळ्यांनी थांबायचं. पण आजारपणात चढ लागला की तिच्याच्याने बोलवेना. उत्तर द्यायच्या नादात दम जायचा, खोकला लागायचा. तेव्हा दादाने नियम केला. चढावर शेपटाने बोलायचं नाही. त्याच्या पुढच्याने मागे वळून बघायचं आणि त्याच्या वतीने "आहे" म्हणायचं. त्या वेळी तिच्या पुढे दादाच असायचा. बायकोच्या वाटचं ओरडताना त्याचा आवाज असा खणखणीत लागायचा की आम्हाला हसू यायचं.

ती गेल्यावर शेपटाची जागा दादाने घेतली. आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं?

या वर्षी मात्र मी बोलले, चांगली घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. दादाच्या हृदयाने दगा द्यायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सपाट रस्त्यावर हळूहळू फिरा, चढ अजिबात नको. मी म्हटलं, "घरी बस." तो म्हणाला, "बसतोच आहे की, वर्षभर." त्या घरात मी गेले होते, म्हणून मला त्याचा अर्थ कळला. वहिनीच्या चपला अजून दाराशी होत्या. शेवटी तडजोड झाली. सपाटीवर चालवायची, आणि दुसऱ्या दिवशीचा मोठा चढ आला की पायथ्याशी मदतीच्या गाडीत बसायचं. त्याला धडधाकट घरी परत आणायचं, एवढंच माझ्या मनात होतं. बाकी फेरी गेली खड्ड्यात.

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी पोचलो तर गाडी जागेवर नाही. कुणीतरी पडलं होतं, त्याला घेऊन गेली होती.

"दादा, इथेच थांब. मी पण थांबते."

"इथे थांबून काय अंडी उबवू? वारा बघ कसला आहे. अंग गार पडलं तर जास्त वाईट." तो सायकलवर बसलासुद्धा. "गाडी मागून येईलच, आली की बसतो. तू पुढे चल, तुझ्या आडोशाने येतो."

"उत्तर आलं नाही ना, तर सायकल दरीत फेकून देईन. तुझी!"

"येईल गं, येईल."

मास्तर म्हणाले, "ताई, भांडण्यात तुमचा दम जाईल, त्यापेक्षा हळू चला." मी हळू निघाले. एवढी हळू की सायकल डगमगत होती. वारा समोरून तोंडावर येत होता. पहिल्या वळणावर मी ओरडले, "शेपूट?" मागून बेकरीवाल्याचा आवाज आला, "आहे!" दुसऱ्या वळणावरही आला. माझा जीव भांड्यात पडला. त्यापुढे दर वळणाला तसाच आला, जाडाभरडा, न चुकता. वर पोचता पोचता मला दादाचं कौतुकही वाटायला लागलं होतं. म्हटलं, म्हातारा जिद्दीचा आहे!

माथ्यावर पाय टेकवून मी मागे वळले. मास्तर आले. बेकरीवाला आला. त्याच्या मागून नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस आला, थांबला, गॉगल वर केला. तिशीतला कुणीतरी अनोळखी.

"तुमचे उपकार झाले," तो हसून म्हणाला. "एवढ्या वाऱ्यात एकट्याने चढणं मुश्कीलच होतं. अर्ध्यापासून या काकांच्या मागे चिकटून आलो."

बेकरीवाल्याने मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "मी बघितलं होतं, ताई," तो म्हणाला. "आईशप्पथ, दर वेळी काखेखालून बघितलं. नारिंगी दिसत होतं. मी प्रत्येक वेळी बघितलं हो."

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. ती गिळली आणि मी सायकल उलटी वळवली.

उतारावर कुणी ब्रेक न लावता जात नाही, मी गेले. एका वळणावर खडी सांडलेली होती, माझं मागचं चाक सरकलं, आता मी गेले असं वाटलं आणि कशीबशी सावरले. त्याच्या पुढच्याच वळणाला दादाची सायकल दिसली. कडेच्या गवतात नीट आडवी ठेवलेली, चेन वरच्या बाजूला. आम्हाला सगळ्यांना त्यानेच शिकवलं होतं, चेनच्या बाजूने कधी सायकल आडवी करायची नाही. एवढा वेळ त्याला मिळाला होता. म्हणजे हाक मारायलाही मिळाला असणार. पण चढ होता. त्याचाच नियम होता.

तो शेजारीच दगडाला टेकून बसला होता. मान खाली, हात मांडीवर. मी "दादा" म्हटलं, गालावर थापट्या मारल्या, मानेपाशी बोटं दाबून धरली, छाती दाबून पाहिली, पुन्हा पुन्हा दाबली. काही नाही. अंग अजून कोमट होतं. जाकिटाची काख पार उसवलेली होती. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याला म्हटलं, "मूर्खा, एकदा तरी हाक मारायचीस. सगळे थांबलो असतो रे. सगळे." मला त्याचा इतका राग आला होता की रडूच येईना.

तेवढ्यात वरून चाकांचा आवाज आला. बेकरीवाला उतरत होता. सुसाट उतरत होता, आवाजावरूनच कळत होतं. आणि ओरडत होता, पोर हरवलेल्या माणसासारखा, "शेपूट? ताई, शेपूट?"

त्याचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. पण त्याच्या आणि माझ्यामध्ये ते खडीचं वळण होतं. त्याला घरी बायको होती, दोन मुली होत्या, आणि डोळ्यांत नक्की पाणी असणार, समोरचं काही दिसत नसणार. मी उत्तर दिलं नसतं तर तो आणखी जोरात आला असता.

दादाच्या पुढची आता मीच होते. मी खाली मान घालून त्याच्याकडे एकदा नीट बघितलं.

"आहे!" मी जीव खाऊन ओरडले. "सावकाश या! वळणावर खडी आहे!"

वर ब्रेक करकरले. चाकांचा आवाज हळू झाला. तो येईपर्यंत मी जाकिटाची उसवलेली काख चिमटीत मिटून धरली.