त्यांना सांगा

उदगीरला एका डाळमिलच्या माडीवर आमचं छोटं रेडिओ केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, मध्ये एक काच, आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या वाकळा. खाली मिल चालू असली की वर आमचे माईक थरथरायचे. दोन हजार सोळाच्या दुष्काळात मिलला माल मिळेना, ती बंद पडली आणि आमचा आवाज एकदम स्वच्छ झाला. दुष्काळानं भलं झालेलं तालुक्यात तेवढं एकच ठिकाण असेल.

दर गुरुवारी संध्याकाळी मी तिथं ‘सांजबैठक’ चालवायची. पैसे कशात गुंतवावेत, गावात आणि जगात काय चाललंय, सिनेमा, नवं तंत्रज्ञान, असा कुठलाही विषय घ्यायचा आणि त्यावर चर्चा करायची. चर्चेला तज्ज्ञ आणायला आमच्याकडं पैसे नव्हते, म्हणून गुरुपादप्पा आणि नागप्पा आणले. दोघंही जनावरांच्या बाजारातले जुने दलाल. सारं आयुष्य जवळच्या हाळी गावच्या बाजारात शेजारी शेजारी बसून त्यांनी देवणी बैलांचे सौदे केलेले. कुठल्याही विषयावर बोलायला त्यांना त्या विषयाची माहिती लागत नसे, आणि तेच लोकांना आवडायचं.

गुंतवणुकीवर बोलताना नागप्पा म्युच्युअल फंडाचं कौतुक करायचे, कारण पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या पोरानं त्यांना ते शिकवलं होतं. गुरुपादप्पा म्हणायचे, “ज्याला चारा घालता येत न्हाई अन् ज्याच्या पाठीवरून हात फिरवता येत न्हाई, तसल्यात मी पैसा घालत न्हाई.” सिनेमावरच्या बैठकीची तर लोक अजून आठवण काढतात. लहानपणी दोघांनी जत्रेतल्या तंबूत पडद्याच्या मागच्या बाजूनं सिनेमे पाहिलेले, तिकडून तिकीट लागत नसे. त्यामुळं हीरो डावखुरा असतो अशीच नागप्पांची कितीतरी वर्षं समजूत होती. ते त्यांनी स्वतःच सांगितलं आणि दोघं इतके हसले की काचेपलीकडच्या व्यंकटीला मध्येच जाहिरात लावावी लागली. व्यंकटी म्हणजे आमचा तंत्रज्ञ, वायरमन आणि चहावाला, सगळं एकच.

मग जिल्ह्याचा विषय निघाला. उदगीर जिल्हा होणार अशी हवा पुन्हा उठली होती. गुरुपादप्पा तर कलेक्टर ऑफिस कुठल्या माळावर बांधायचं इथपर्यंत पोचलेले. नागप्पा त्या दिवशी मुळातच थकलेले होते. बोअर आटलेलं, टँकरची वाट बघून कंबर धरलेली, लातूरला तर रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेली. ते म्हणाले, “जिल्हा घिऊन काय करायचं गुरपाद? माणसं ऱ्हायली तर जिल्हा. मी काय म्हणतो, पाणी हाय तिकडं जावं माणसानं.”

“मग जा!” गुरुपादप्पा कडाडले. “जा की तुझ्या पुण्याला! तुला धरून कोण बसलंय इथं?”

ते थेट प्रक्षेपण होतं. सगळ्या गावानं ऐकलं.

तुम्हा-आम्हाला कुणी रागात ‘जा’ म्हटलं तर आपण दोन दिवस फुगतो आणि विसरतो. बाजारात तसं नाही. चारचौघांत दलालानं एखाद्याला ‘जा’ म्हटलं, की त्यानं त्याच्या दावणीपाशी परत उभं राहायचं नसतं. म्हणणाऱ्यानंच चारचौघांत शब्द मागं घेतला तरच. नागप्पांनी तेव्हा नुसती टोपी नीट केली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “सिंधु, त्यांना सांगा, ऐकलं मी.”

त्यांनी गुरुपादप्पांना अहोजाहो केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिथून पुढं दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलेनात. बैठकीला मात्र दोघंही येत. एकानं जागा सोडली असती तर ती हार झाली असती. येऊन शेजारी शेजारी बसायचे आणि माझ्यामार्फत भांडायचे. ‘त्यांना सांगा, शेअर बाजार म्हणजे लॉटरी न्हवं.’ ‘त्यांना सांगा, आमाला शिकवू नगा.’ लोकांना मजा वाटायची. मला वैताग आला होता. मी बैठक चालवत होते की निरोप पोचवत होते, तेच कळेना. आणि खरं सांगायचं तर दोघांचाही मला लळा होता, म्हणून वैताग जास्त होता.

उन्हाळा चढत गेला तसं नागप्पांनी जायचं ठरवलं. बायको वारलेली, घरात एकटा जीव, घागरभर पाण्यासाठी या वयात रांगेत उभं राहायचं. पोराचा रोज फोन. शेवटी त्यांनी त्याला शब्द दिला. येत्या गुरुवारची बैठक करायची आणि रविवारी निघायचं.

बुधवारी गुरुपादप्पांच्या पत्नी कमलम्मा मला भाजीच्या गाड्याजवळ भेटल्या. त्यांनी माझ्या पिशवीत दोन वांगी टाकली आणि म्हणाल्या, “सिंधु, उद्या काय बी कर पण ह्यांचं तोंड उघड. घरात नुसते येरझाऱ्या घालून राहिले. जेवणाचं ताट सारून उठत्यात. नागप्पा तसाच गेला, तर हा माणूस काय ह्या धक्क्यातून उठत न्हाई.”

“मग काका जाऊन बोलत का नाहीत? चार घरं सोडून तर राहतात.”

“गेले की. तीनदा दारापत्तुर जाऊन आले. रेडिओवर ‘जा’ म्हणलेलं घरात कसं मागं घ्यावं म्हणत्यात. अन् रेडिओवर लाज वाटती.” कमलम्मांनी पदरानं तोंड पुसलं. “बाजार हिंडला सारा जन्म, पर जीभ पोरासारखीच ऱ्हायली.”

मी हो म्हणाले. काय करणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

गुरुवारचा विषय नवं तंत्रज्ञान. दोघं आले. नागप्पांच्या अंगावर नवा सदरा होता, पुण्याला न्यायला शिवलेला असावा. गुरुपादप्पांनी तो पाहिला आणि मान दुसरीकडं वळवली. मी सुरुवात केली. आता मोबाईलवर समोरचं माणूस दिसतं, बोलतं, हजार कोसांवरून हसतं, तर मग लांब आणि जवळ यात फरक तो काय राहिला, असं विचारलं. मुद्दामच विचारलं.

“लई फरक न्हाई,” नागप्पा म्हणाले. “पोरगं म्हणतंय, अप्पा, तुमाला रोज उदगीर दाखवतो मोबाईलमधी. चौकबी दिसंल, महादेवाचं देऊळबी दिसंल.”

गुरुपादप्पा खाकरले. “सिंधु, त्यांना सांगा, मोबाईलमधी बैलाचे दात दिसत न्हाईत. तोंडात हात घातल्याबिगर वय कळत न्हाई. नुसतं बघून जे घेतलं, त्याच्यात माणूस फसतो.”

“त्यांना सांगा,” नागप्पा खाली बघत म्हणाले, “मी काय बैल न्हाई.”

“त्यांना सांगा, म्हाईत हाय. बैल येवढा आडमुठा नसतो.”

एरवी मी हसले असते. नागप्पांचा आवाज चिरकला. “त्यांना इचारा, मग हात लावायला त्यांना नको कोण म्हणलं होतं? चार घरं सोडून तर ऱ्हातो मी. सारा उन्हाळा दार उघडं ठिवलं.”

मी ते पुढं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. निरोप पोचला होता.

गुरुपादप्पांनी खांद्यावरचा रुमाल, त्यांची दस्ती, काढली. पांढरी, कडेला हिरवी पट्टी असलेली, रोज धुतलेली. ती त्यांनी टेबलावर दोघांच्या मधोमध पसरली, तिच्याखाली आपला हात सारला आणि तसेच बसून राहिले. नागप्पांनी दस्तीकडं पाहिलं. मग त्यांनीही हात खाली घातला.

जनावराचा भाव बाजारात तोंडानं बोलत नाहीत. भोवती गर्दी असते, कुणाला आकडा कळू द्यायचा नसतो. म्हणून दोघं दस्तीखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. सौदा होईपर्यंत हात सोडायचा नाही. हात सुटला की सौदा मोडला. हे मला माहीत होतं, पण रेडिओवर असं काही होईल हे कोणाच्या ध्यानीमनी असणार? रेडिओवर मुकं बसणं म्हणजे गुन्हा. तिकडं ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं. व्यंकटी काचेपलीकडून दोन्ही हात हलवत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी दस्तीकडंच बघत होते.

तेवढ्यात फोनचा दिवा लागला. व्यंकटीनं घाईघाईत तो तसाच प्रक्षेपणाला जोडला.

“हॅलो? सिंधु? मी कमलम्मा. दोघं गप का बसले गं?”

“काकू, आहेत, इथंच आहेत.”

“टेबलावर दस्ती हाय का?”

“आहे.”

“खाली हात हाय?”

“दोघांचा.”

कमलम्मांनी लांब श्वास सोडला, तो स्पीकरवर नीट ऐकू आला. मला वाटलं आता त्या फोन ठेवतील. पण त्या कुठल्या ठेवतात.

“ऐकू येतंय न्हवं तुमाला?” त्या आता नवऱ्याशी बोलत होत्या. “ही बाजाराची तऱ्हा हितं चालायची न्हाई. जा म्हणलाव तवा साऱ्या गावाला ऐकू गेलं. लेकराबाळांनी ऐकलं. आता दस्तीखाली झाकून काय सांगून राहिलाव? तोंडानं सांगा. साऱ्यांना ऐकू द्या.”

गुरुपादप्पांचं तोंड लाल झालं. त्यांचा आवाज म्हणजे बाजाराच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा, माईक त्यांच्यापासून हातभर लांब ठेवावा लागायचा. ते ओठ हलवत होते आणि काही येत नव्हतं. मी माईक उचलला आणि अगदी त्यांच्या तोंडाशी नेऊन धरला.

“नागा,” ते म्हणाले.

नागप्पांनी मान वर केली.

“नागा, मी जा म्हणलो ते मागं घेतो. साऱ्यांनी ऐका. चूक माझी हाय.” ते नागप्पांकडं वळले. “तू जाऊ नको.”

नागप्पांच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, नव्या सदऱ्यावर पडलं. त्यांनी ते पुसलं नाही, उजवा हात अडकला होता आणि डावा त्यांना सुचला नाही.

“जावं लागंल रे,” ते म्हणाले. थेट त्यांनाच म्हणाले, मला मध्ये न घालता. “पोराला शब्द दिलाय. अन् मला आता घागर उचलत न्हाई, गुरपाद. खरंच उचलत न्हाई.”

“म्हाईत हाय.”

“रविवारची गाडी हाय.”

“त्येबी म्हाईत हाय.”

“मग जाऊ नको कामून म्हणून राहिलास?”

“म्हणू दे की मला,” गुरुपादप्पा म्हणाले, आणि त्यांचा तो बाजारी आवाज पार फुटला. “जाणाऱ्याला जाऊ नको म्हणणारं कुणी नसावं का? तुझं घर हितं, तुझी मैतरकी हितं. तुला नुसतंच जाऊ दिलं तर काय म्हणतील लोक, अन् मी तरी काय म्हणू? तू जा. पर मी जाऊ नकोच म्हणणार. गाडीपाशी येऊन म्हणणार.”

फोनवर कमलम्मा रडत होत्या. काचेपलीकडं व्यंकटी हेडफोन काढून नुसता उभा होता. कार्यक्रमाची वेळ कधीच संपली होती, आणि गाणं लावायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं.

नागप्पांनी दस्तीकडं पाहिलं आणि रडता रडता त्यांना हसू आलं. “मघाधरनं नुसता हात धरून बसलाय. एक बोट दाबलं न्हाईस की रे.”

“मागायला काय हुतं माझ्यापाशी?”

“काय न्हाई?”

“काय न्हाई.”

“बरं झालं, शब्द मागं घेतलास,” नागप्पा म्हणाले. “उन्हाळाभर पिशवी भरून ठिवली हुती मी, पर पाय उचलत नव्हता. जा म्हणलेल्या गावातनं कसं निघावं माणसानं?” त्यांनी आता डाव्या हातानं डोळे पुसले. “आता जाता येतंय मला.”