मौनाची घंटा

आषाढी एकादशीला कालिंदीने नेम धरला तो देवाशी घासाघीस करूनच. "यांची वाचा परत दे. तोवर माझी निम्मी तुझ्याकडे ठेव," असं देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला सांगून तिने चातुर्मासाचं मौन घेतलं. पहाटे डोळा उघडल्यापासून दुपारी जेवणाचं ताट पुढ्यात येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

केशवरावांना वैशाखात झटका आला होता. उजवं अंग गेलं, सोबत बोलणंही गेलं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं धरणांच्या पातळ्या खणखणीत आवाजात वाचून दाखवणारा माणूस. आता ओठ हलवले की नुसता वारा निघायचा.

घर शहराच्या बायपासच्या पलीकडे, सातारा परिसर म्हणतात त्या नव्या वस्तीत. निवृत्तीनंतर हौसेने बांधलेलं. शहर तिकडं धावत सुटलं होतं. प्लॉट पडले, बंगले उठले, वाळूजच्या कारखान्यांत शिफ्टवर जाणारी बिऱ्हाडं भाड्याने आली. नळ तेवढा मागं राहिला. त्यात पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली आणि बोअरही आटले. दर चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या लिंबाखाली टँकर यायचा, त्यावर सगळ्यांची भिस्त.

अर्धी घरं दिवसा कुलूपबंद, तर काही शहाण्यांनी एका घराचे तीन-तीन ड्रम मांडलेले. म्हणून टँकरवाल्या मोतीरामने कायदाच केला होता. ड्रमवर रंगवलेलं नाव तो पुकारणार, ज्याचा ड्रम त्याने ओ द्यायची. ओ नाही, तर पाणी नाही.

"पाठक!" मोतीराम पुकारायचा.

"ओ!" ही हाळी शेजारच्या चंपाबाईची. स्वतःच्या 'साळवे'ला एक आणि कालिंदीच्या 'पाठक'ला एक. कालिंदी तिच्यामागे पदर सावरून उभी.

"ताई, तुमचा देव लई हुशार बघा," चंपाबाई हंडा कमरेवर घेत चिडवायची. "एकीची जीभ काढून दुसऱ्याला लावणार! आन् सांधा दिसला तर वो?"

कालिंदी तोंडाला पदर लावून हसायची. हसायला मौनात बंदी नव्हती. खरं सांगायचं तर ते मौन तिला जड गेलंच नव्हतं. जन्मभर ती हळूच बोलत आली होती. दूधवाल्याशी, डॉक्टरांशी, बँकेत, जिथं आवाज लागतो तिथं केशवराव होते.

श्रावणातल्या एका सकाळी मात्र सगळंच फिरलं. चंपाबाईची रूपा बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या कळा सुरू झाल्या म्हणून चंपाबाई पहाटेच तिला दवाखान्यात घेऊन गेली. इकडं केशवरावांचं अंथरूण खराब झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाठ स्वच्छ आणि कोरडी ठेवा, लाल झालेली जागा एकदा फुटली की भरून येणं कठीण. घरात देवाची कळशी तेवढी भरलेली होती. कालिंदीने मनातल्या मनात नमस्कार करून तीही वापरली. पुरली नाही. त्यांना कुशीवर वळवून, पाठीशी उशी लावून ती कोपऱ्यावर आली.

टँकरभोवती बायकांचं कोंडाळं. मोतीराम पाईप धरून वाकलेला, नजर ड्रमांवर.

"पाठक!"

कालिंदीने हात वर केला. पुढच्या हंड्यांआड तो कुणाला दिसणार?

"पाठक! नाय का कुणी?"

तिने ड्रम वाजवला. तिथं सगळेच ड्रम वाजत होते.

"अरे, ती मुकी बाई हाय तिथं मागं," पुढे उभी असलेली सरूबाई म्हणाली. "तिला देव देईल पाणी. तू आमचं बघ."

बायका फिसकन हसल्या. मोतीरामने पाईप उचलून पुढच्या ड्रममध्ये टाकला. टँकरच्या मागच्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी दिसत होती. शेवटचं वीतभर. आता चार दिवस.

कालिंदीच्या डोळ्यांपुढे ती लालसर पाठ आली.

"ओ!"

आवाज फाटला. तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. "ओ मोतीराम! ड्रम माझा आहे! घरात माणूस पडून आहे माझा! पाईप फिरव आधी!"

पुढचे हंडे बाजूला सरले.

"आयला, ताई बोलतात की!" म्हणत मोतीरामने पाईप फिरवला.

बादल्या घरात आणताना तिला नेम आठवला. चाळीस दिवस पाळलेलं मौन गेलं. सौदा मोडला, आता यांची वाचा कुठली येते? ती खोलीत शिरली आणि थबकली. कोपऱ्याकडच्या उघड्या खिडकीकडे तोंड करून केशवराव हसत होते. निम्म्याच ओठांनी, पण पोट हलेपर्यंत.

"हसताय काय?" ती म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. पाठ धुता धुता सरूबाई काय म्हणाली, मोतीरामचं तोंड कसं झालं, सगळं तिने साभिनय सांगितलं. "आणि माझा आवाज इतका मोठा आहे, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

त्यांच्या घशातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता, पण नुसता वाराही नव्हता.

संध्याकाळी चंपाबाई जिलेबी घेऊन आली. नात झाली होती. कालिंदीने रडतच सगळं सांगितलं.

"चुकलं माझं, चंपाबाई. नेम मोडला."

"मोडला तर मोडला. मला एक सांगा, माझी नात बोलाया कशी शिकंल?"

"ऐकून ऐकून."

"व्हय ना? आन् या घरात सकाळधरनं दुपारपतुर तुमी मुक्या, ते मुके. त्यांनी शिकायचं कुणाचं ऐकून? माझ्या कोंबड्याचं?"

कालिंदीने जिलेबी खाली ठेवली. मग ती उठून देव्हाऱ्यापुढे बसली. "हा नेम मी परत घेते," तिने हळूच सांगितलं. "उद्यापासून दुसरा. सकाळी यांच्याशी तासभर बोलल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही."

नेम हातात आला की कालिंदी पक्की. ती पोथी वाचे, जुन्या बदल्यांच्या गावांची नावं घेई, भाजीवालीशी झालेलं भांडण सांगे. भांडणंही आता होऊ लागली होती. दिवाळीच्या सुमाराला केशवरावांच्या तोंडून 'का' फुटला. पुढचं 'लिंदी' तिने स्वतः जोडून घेतलं.

चातुर्मास संपला. मौनाच्या उद्यापनाला देवळात घंटा द्यायची रीत; मौन अर्ध्यात सुटलं तरी घंटा घ्यायचीच, असं कालिंदीने ठरवलं. गुलमंडीवरच्या दुकानदाराने नाजूक पितळी घंटा पुढे केली, तर ती म्हणाली, "ही नको. बायपासपर्यंत ऐकू जाईल अशी दाखवा."

ती घंटा देवळात गेलीच नाही. हळदकुंकू वाहून कालिंदीने ती कोपऱ्यावरच्या लिंबाला टांगून घेतली. "टँकर आला की आधी ही वाजवायची," तिने मोतीरामला ठणकावलं, "आणि कुणी ओ दिली नाही, तर मान वर करून बघायचं."

चौथ्या दिवशी ती स्वयंपाकघरात फोडणी देत होती. कढईच्या आवाजात तिला लिंबावरची घंटा ऐकू आली नाही. आतल्या खोलीतून हाक आली,

"का... पा... पा..."

"आले हो!" कालिंदी गॅस बंद करत ओरडली, आणि पदर खोचून पाण्याला धावली.