एकदा म्हणजे बरोबर

मी संगणकावरचे खेळ खेळायचा एक जुना गेमपॅड आहे. रंगाने काळा, आणि आकाराने दोन्ही पंख खाली पाडून बसलेल्या कावळ्यासारखा. माझी बाकीची बटणे अजून करकरीत आहेत. फक्त उजवीकडचे एक गोल बटण झिजून गुळगुळीत झाले आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, खेळून खेळून झिजले असेल. तसे नाही. ते कसे झिजले, हे सांगायलाच मी आज तोंड उघडतो आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईंनी माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले, पाठीवर एक गोल चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, "हा टिकणार." त्यांचे म्हणणे खरे ठरले. टिकलो मीच.

तिथून मी एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात आलो. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी मेमरीची एक हिरवी पट्टी होती. वीतभरसुद्धा लांब नाही, अंगावर काळे चौकोन, ना मूठ ना बटण. संगणक काम करताना जे काही हातात धरतो, ते या पट्टीच्या बळावर धरतो, एवढे मी ऐकून होतो. पण कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. माझ्यासाठी मात्र मुले काचेला नाक लावून उभी राहत. मी फुशारलो होतो, हे कबूल करतो.

एका गुरुवारी दुकानात तिघे आले. एक उंच, वाळके आजोबा, गळ्याला मफलर. त्यांची मुलगी, इस्पितळात परिचारिका. ती कामावरून तशीच आली होती. आणि बारा वर्षांची नात. तिला आजोबा भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

आजोबा गाऊन आख्याने सांगत. गावोगावच्या सभागृहांत चाळीस वर्षे त्यांचा आवाज घुमला होता. त्यांच्या सगळ्या आख्यानांत नावाड्याचे आख्यान लोकांना फार प्रिय. जन्मभर इतरांना पैलतीरी नेणारा नावाडी शेवटी स्वतः काठावर उभा राहतो, आणि त्याला न्यायला कोण येते, ती ही गोष्ट. शब्द वहीत उतरवलेले होते. चाली मात्र आजोबांच्या गळ्यातच होत्या. आणि त्या गळ्यात गाठ झाली होती. सोमवारी शस्त्रक्रिया होती. नंतर आवाज राहणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. म्हणून रविवारी, भिंगरीच्या आईच्या सुटीच्या दिवशी, सगळे आख्यान घरच्या संगणकावर भरून ठेवायचे ठरले होते. खिशातल्या फोनमध्ये तासन्‌तास आवाज भरण्याचे दिवस तेव्हा यायचे होते.

दुकानदाराने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, "आजोबा, तुमचं मशीन धापा टाकतंय. तुमच्या प्रोग्रॅममध्ये आवाज सेव्ह करेपर्यंत नुसता मेमरीत असतो. मशीन मध्येच अडकलं तर सगळं गेलं. ही पट्टी बसवून घ्या."

"आणि नाही बसवली तर?"

"मग दर दहा मिनिटांनी थांबायचं आणि सेव्ह करायचं."

आजोबा हसले. "अहो, आख्यान म्हणजे काय बस आहे, प्रत्येक थांब्यावर थांबायला? नावाड्याला मध्येच सोडून मी चहा प्यायचा?"

"बाबा, मस्करी पुरे," आई म्हणाली. "भाऊ, ती पट्टीच द्या."

भिंगरी तोपर्यंत माझ्यापुढे येऊन थांबली होती. वर्षभर तिने आजोबांच्या फाटक्या वह्या सुवाच्य अक्षरात उतरवून दिल्या होत्या, आणि आजोबांनी तिला बक्षीस कबूल केले होते. पण पैसे एकाच वस्तूपुरते होते. ती चटकन बाजूला झाली आणि म्हणाली, "आजोबा, मेमरीच घेऊ या."

आजोबांनी तिची हनुवटी वर केली. "तोंड मेमरी म्हणतंय. डोळे काय म्हणताहेत, भिंगरे?"

तिची नजर पुन्हा माझ्याकडे वळली.

"हे पाहा," आजोबा मुलीला म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय मशीन. एका रविवारपुरतं नाही का चालणार? पोरीला दिलेला शब्द राहू दे."

दुकानदाराने कपाट उघडले. दोन्ही वस्तूंवरून त्याचा हात जरा फिरला. शेवटी म्हणाला, "बरं. पण त्या वेळी दुसरं काही चालू ठेवू नका. एका वेळी एकच काम."

मला बाहेर काढले तेव्हा हिरव्या पट्टीवर कपाटाची सावली पडली. मी जिंकलो होतो. पण माझ्या अंगात कसलीशी थंडी भरली.

शुक्रवारी खेळता खेळता पडदा गोठला. भिंगरीने मशीन बंद करून पुन्हा चालू केले. शनिवारी पुन्हा गोठला. मशीनचा पंखा घरघरत होता, आणि आतल्या खोलीत आजोबा खोकत होते. दोन्ही आवाज घरभर ऐकू येत होते.

रविवारी दुपारी खिडक्या लावल्या. आईने दाराची घंटा काढून ठेवली. भिंगरीने माइक उशीवर ठेवला. पण सकाळी ती खेळातल्या एका अवघड टप्प्यावर पोचली होती. तो हातचा जाऊ नये म्हणून तिने खेळ बंद केला नाही, नुसता थांबवून पडद्याआड सारला. पडद्यावर तो दिसत नव्हता. मला मात्र माझ्या वायरीतून तो जाणवत होता, दारामागे श्वास रोखून उभ्या असलेल्या माणसासारखा. ओरडावेसे वाटले. पण मला बटणे दिली आहेत, आवाज नाही.

आजोबा गायले. मित्रांनो, काय सांगू! गाठ झालेला गळा, पण त्यातून नदी वाहत होती. आई भिंतीला टेकून डोळे पुसत होती. एक तास झाला. सव्वा तास झाला. नावाडी काठावर आला. त्याने पैलतीराकडे पाहून हाक मारली. आता शेवटचे पद.

पंखा जोरात घरघरला.

पडद्यावरची आवाजाची रेघ थबकली. भिंगरीने माऊस हलवला, कळा दाबल्या. काही नाही. आजोबांना ते कळले नाही. त्यांनी शेवटचे पद घेतले आणि डोळे मिटून संपवले. मग तिच्याकडे वळून विचारले, "आलं ना सगळं?"

तिचा चेहरा पाहून त्यांना उत्तर कळले. त्यांनी पुन्हा गायचा प्रयत्न केला. गळ्यातून फक्त हवा आली. रुमालावर लाल ठिपका पडला, आणि आईने तो झटकन मुठीत दाबला.

सोमवारी ते इस्पितळात गेले आणि आवाजाविना परत आले.

भिंगरीने मला ड्रॉवरमध्ये कोंबले. आठवड्याने आजोबांनीच मला बाहेर काढले. तिला रागवायला नव्हे, खेळायला. खेळ त्यांना जमेना. पण त्यांचा अंगठा गोल बटणावर ताल धरू लागला. भिंगरी ऐकत राहिली. मग हळूच वही घेऊन आली आणि पहिली ओळ गायली.

आजोबांनी बटण दोनदा दाबले.

"चुकलं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा म्हटले. त्यांनी एकदा दाबले.

तेव्हापासून तोच नियम झाला. एकदा म्हणजे बरोबर, दोनदा म्हणजे चूक. रोज दुपारी ती शाळेतून आली की मी त्यांच्या हातात असे. पाच महिने. चुकत, अडखळत, रडत तिने अख्खे आख्यान त्या एका बटणावरून गोळा केले. अंगठ्याचा जोर मात्र दिवसेंदिवस कमी होत होता. ते फक्त मला कळत होते.

शेवटचे पद तेवढे लागेना. ते आजोबा नेहमी आयत्या वेळी मनाला येईल तसे वळवत. दोनदा. दोनदा. पुन्हा दोनदा. एका दुपारी तिने ते अगदी हलक्या आवाजात, नव्या वळणाने म्हटले. आजोबांचा अंगठा खाली आला. एकदा.

भिंगरीने टाळी वाजवली. "आलं! आई, बरोबर आलं!"

आई धावत आली. दोघी हसत होत्या, रडत होत्या. आजोबांचे डोळे मिटलेले होते. त्या रात्री त्यांना इस्पितळात नेले. ते घरी परतले नाहीत.

आज भिंगरी मोठी झाली आहे. सभागृहांतून नावाड्याचे आख्यान गाते. शेवटच्या पदाला लोकांचे डोळे भरून येतात आणि म्हातारी माणसे म्हणतात, "हुबेहूब तुझे आजोबा!"

मी तिच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. तिचा रियाज ऐकतो. आणि जे फक्त मला ठाऊक आहे, ते तिला सांगता येत नाही. त्या दुपारी अंगठा एकदा खाली आला होता, हे खरे. पण नंतर तो पुन्हा उचलला गेला होता. माझ्या बटणावर त्याची सावली पडली होती. तो थरथरला, आणि तिथेच विसावला. तो दुसऱ्यांदा यायला निघाला होता का, ते मला अजून ठरवता येत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. वस्तू जपाच, पण त्याआधी माणसांचे आवाज जपा. घरात जो कोणी गातो, सांगतो, हाक मारतो, त्याच्यापाशी आज बसा. समोरचे दुसरे काम बंद करा, नुसते आड सारू नका. आणि मनात काही शंका असेल तर तेव्हाच विचारा, अंगठा वर असतानाच.

ती आता शेवटचे पद घेते आहे. माझे झिजलेले बटण वाट पाहते आहे.