इसाराचं घड्याळ

मनगटाला घड्याळ न बांधणारा माणूस अडाणी असतो, असं कुणी म्हणलं तर त्याला मी बैलबाजारात आणून उभा करीन. मी मलप्पा, राहणार कंधार. धंद्यानं हेडी, म्हणजे बैलांचा दलाल. आमचा सौदा तोंडानं न्हाई, हातानं होतो. समोरच्याचा हात, माझा हात, वरून माझा रुमाल. खाली बोटं बोलतात, आन भवतालचे लोक तोंडाकडं बघून राहतात, त्यांना काय बी कळत न्हाई. बोटं दाबली की सौदा पटला. हात काढून घेतला की मोडला. मधी अंगठी-कडं काही नको, समोरच्याचं मन कातड्यातून कळलं पाहिजे. आन खरं सांगतो, लई लोकांची मनं मी रुमालाखाली ओळखली हायत. म्हणा गर्व हाय तर हाय.

तर अशा माणसाच्या हातावर घड्याळ चढलं. एका दुपारीत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

माझी पोरगी सुकन्या. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, आता पुण्याला नोकरीला हाय. तिला लातूरच्या डाळवाल्या गुरुपादप्पा शेटचं स्थळ आलं. मुलगा उमाशंकर, तो बी पुण्यातच. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आमच्या बापानं बाजारात उभ्या-उभ्या जमवलं व्हतं. तो घरी आल्यावर तिला कळलं. मग जन्मभर त्या बाईच्या तोंडावर हसू दिसलं न्हाई. म्हणून मी सुकन्याला शब्द दिला, "तू हो म्हणल्याबिगर मी कुणाच्या हातात हात देणार न्हाई." ती म्हणाली, "बघू या, अप्पा." आता बघू या म्हणजे हो का न्हाई? बैलाचं असतं तर मला कळलं असतं.

ठरल्या दिवशी बाप-लेक पांढऱ्या गाडीतून आले. माझ्या बाजूनं चांदपाशा येऊन बसला. तो बी हेडी, बालपणापासूनचा दोस्त. अशा येळी दोन डोळे आपले जास्तीचे असलेले बरे. माझ्या बायकोनं, लक्ष्मम्मानं, पोहे आणून ठेवले. बोलणं पाऊसपाण्यावरून सोयाबीनवर आलं, सोयाबीनवरून डाळीवर गेलं आन तिथंच बसलं. पोरगं पोह्यात चमचा फिरवून राहिलेलं. पण हात हलवला की त्याच्या मनगटावर काय तरी चमकायचं.

"घड्याळ नवं दिसून राहिलं," मी म्हणलं. नुसतं बोलायचं म्हणून. दुसऱ्याच्या बैलाला बरं म्हणावं तसं.

पोराचा चेहरा असा खुलला! "मागच्या आठवड्यातच मिळालं, मामा. वर्षभर नंबर लावला होता."

"घड्याळाला नंबर? आम्ही गॅसला लावायचो."

"घालून तर बघा!" मी न्हाई-न्हाई म्हणेस्तोवर त्यानं काढलं, माझा डावा हात ओढला आन खट्ट करून लावलं बी.

आरं देवा, काय ते वजन! गार लोखंड मनगटावर बसलं आन हात माझा वाटंना. तबकडी निळी, रात्र पडायच्या आधी आभाळ असतं तशी. पण आकडे कुठंच न्हाईत, नुसत्या चांदीच्या कांड्या. आकडे व्हते ते भायेरच्या कडीवर, त्यांत बी दहा, वीस, तीस. मी चष्मा खाली-वर केला आन म्हणलं, "चाळीस वाजले?"

"ते पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी असतं, मामा. खाली किती वेळ झाला ते कळायला. तीनशे मीटर खोल गेलं तरी चालतं."

"आमच्या किल्ल्याच्या खंदकात बी एवढं पाणी न्हाई. तू कुठं बुडी मारतोस?"

"मी? मला पोहता येत नाही."

मी चांदपाशाकडं बघितलं. त्यानं पोह्यात मान घातली.

मग पोरानं माझा हात उलटा करून दाखवलं. मागून बी काच. काचेत पिवळी इवली-इवली चाकं, एकमेकाला ढकलून राहिलेली. सेकंदाचा काटा टिकटिक करायचं नावच घेईना, वंगण घातल्यासारखा सरकत व्हता. मी विचारलं, सेल कोणता लागतो? तर म्हणे सेलच न्हाई, तुमचा हात हलतो त्याच्यावर चालतं. काढून ठेवलं तर दोन-तीन दिवसांत बंद. बरं, वेळ तर बरोबर दाखवत असंल? तर म्हणे दिवसाकाठी चार-पाच सेकंद पुढं-मागं होतं, एवढं चालायचंच.

आता मला सांगा, नंबर लावून घेतलेलं, न पोहणाऱ्याचं, पाण्यात चालणारं, चुकणारं घड्याळ! माझ्या टाळक्यात काय बी शिरंना. पण खोटं कशाला बोलू? हात जरा वळवला की त्या निळ्यावर उजेड असा सरकायचा की नजर काढवंना. आवडलं का? आवडलं. का आवडलं? देवाला ठाऊक.

चांगलं हाय म्हणून मी काढायला गेलो, तर पट्टा निघंना. ना भोक, ना बक्कल. वढून बघितलं, नखानं उचकटून बघितलं. महागाची वस्तू, मोडली म्हणजे? तेवढ्यात गुरुपादप्पा शेट म्हणाले, "राहू द्या, राहू द्या हातात. शोभून राहिलं तुम्हाला."

माझा हात जागच्या जागी थांबला.

बाजारात न गेलेल्यांना सांगतो. सौदा ठरताना घेणारा काय तरी हातावर ठेवतो, नोट म्हणा, वस्तू म्हणा. त्याला आम्ही इसार म्हणतो. ठेवताना तो म्हणतो, "राहू दे." विकणाऱ्यानं ते हातात राहू दिलं की बात संपली. बैल त्याचा. मग मागून कुणी दुप्पट दाम घेऊन आला तरी शब्द फिरत न्हाई. आन फिरवलाच, तर इसार दुप्पट करून परत द्यायचा. कागद न्हाई, सही न्हाई, पण ह्यावरच आमचा बाजार उभा हाय.

चांदपाशा माझ्या कानाशी आला. "मुबारक हो, मलप्पा. इसार घेतलास की!"

"आरं बघायला घातलं मी!"

"ते राहू द्या म्हणले, तू ठेवलास. आपल्यात आणिक काय असतंय?"

ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! शेटचं तोंड बघावं तर ते मजेत शेंगदाणे टिपून खाऊन राहिलेले. लातूरचा आडत-बाजार पिलेला माणूस, त्याला इसार ठाऊक नसंल? का मुद्दाम टाकला डाव? का साधंच बोलला? काढावं तर निघंना, ठेवावं तर पोरगी गेली. मी हात हळूच रुमालाखाली सरकवला. घामानं मनगट चिप्प झालं.

आन त्याच घडीला सुकन्या पाण्याचा ट्रे घेऊन भायेर आली.

हेड्याची पोरगी. रुमालाखाली काय असतं ते तिला सांगावं लागत न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं, रुमालाखालून डोकावणाऱ्या निळ्या तबकडीकडं बघितलं, मग उमाशंकरच्या मोकळ्या मनगटाकडं. तोंड लालबुंद झालं. पेले पाहुण्यांसमोर ठेवायचे तर तिनं चांदपाशासमोर ठेवले आन फिरून सरळ आत गेली.  पोरीला वाटलं, बापानं आपल्याला विकली.

"आलोच," म्हणून मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेलो. ती गॅसपाशी पाठ करून उभी. चहाचं दूध ठेवलेलं. मधी दाराला नुसता पडदा, इकडचं सगळं तिकडं ऐकू जातंय. बोलायची सोय न्हाई. बरं, ती माझ्याकडं बघायला बी तयार न्हाई. मग मला जे येतं तेच मी केलं. तिचा हात हातात घेतला, वरून रुमाल टाकला आन कुजबुजलो, "ऐक. पटलं असंल तर माझं बोट दाब. पटलं नसंल तर हात काढून घे. मी बघून घेतो पुढचं."

 तिचा हात माझ्या हातात. पहिलीत सोडायला नेताना धरला असंल, त्यानंतर मी कधी धरलाच न्हाई तो. मी मन लावून बघितलं. गार का गरम? भ्यालेला का रागावलेला? काय बी कळंना! जगाचे हात ओळखणारा मी, आन घरच्या हातापुढं ठार आंधळा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आन तिनं झटक्यात हात काढून घेतला.

बस्स. पुढं बघायला मी थांबलोच न्हाई. पडदा सारून भायेर आलो, उमाशंकरपुढं हात धरला. "बाबा, हे काढ."

त्यानं दोन बाजूंनी दोन बारके खटके दाबले, घड्याळ निघालं. एवढंच व्हतं ते! मी म्हणलं, "शेट, इसार मोडला. मोडणारा दुप्पट देतो, मला रीत ठाऊक हाय. असलं दुसरं घड्याळ मी आणू शकत न्हाई. दारात लाल कंधारीची जोडी उभी हाय, माझ्या घरची, विकायची न्हवती. ती घेऊन जा."

शेटचा घास तोंडातच राहिला. "बैल? बैलांचं मी काय करू? आन कसला इसार, मलप्पा? पोहे गार होऊन राहिले म्हणून म्हणलं मी, राहू द्या, आधी खाऊन घ्या!"

चांदपाशा छताकडं बघायला लागला. माझे कान गरम झाले. पण इसार असो का नसो, हात तर निघालाच व्हता. "तसं असंल तर माफ करा," मी म्हणलं. "पण पोरीचं मन न्हाई. मला जबरदस्ती करायची न्हाई."

"सुकन्या असं म्हणाली?" पोराचा आवाज निम्मा झाला व्हता.

"हाव."

त्यानं घड्याळ हातात घातलं न्हाई, तसंच खिशात टाकलं. शेट उठले. "मग सरळ सांगायचं ना मालक, बैल कशाला मधी आणले?" चपला घातल्या आन दोघं गेले. मला वाईट वाटलं, लई वाटलं. पण शब्द पाळला, ह्याचं बरं बी वाटलं. थोरल्या बहिणीचं तोंड डोळ्यापुढं आलं.

सुकन्या भायेर आली. हातात ओलं फडकं. "चहाला थोडं राहिलंय दूध... कुठं गेले ते?"

"लावले वाटेला. तू काळजी करू नको."

"वाटेला? का?"

"तू हात काढून घेतलास ना!"

"दूध उतू चाललं होतं, अप्पा!" ती ओरडली. "गॅस बंद नको करू? बोट दाबायलाच निघाले होते, तेवढ्यात दूध वर आलं! वळून बघते तर तुम्ही गायब. मला वाटलं, तुम्हाला कळलं."

आतून जळक्या दुधाचा वास आला. मी मटकन खुर्चीवर बसलो. "आन मघाशी घड्याळ बघून तोंड लाल करून आत पळालीस, ते?"

"मग काय सगळ्यांसमोर नाचू? दोन महिने झाले आम्ही पुण्यात भेटून राहिलो. मी त्याला सांगितलं होतं, माझ्या अप्पांनी स्वतः पसंत करू दे. तुमच्या हातात त्याचं घड्याळ दिसलं, मला वाटलं झालं एकदाचं!" आन ती रडायलाच लागली, ओल्या फडक्यात तोंड खुपसून.

लक्ष्मम्मा दारातून कडाडली, "बैल गेला आन झोपा केला! बसता काय? पळा!"

मी पळालो. चप्पल न्हाई, काही न्हाई. नशीब, गल्लीच्या तोंडाशी उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता अडवला व्हता, पांढरी गाडी त्याच्यामागं उभी. मी काचेवर थाप मारली. शेटनं काच खाली केली. "आता काय? बैल गाडीला बांधायचेत?"

"शेट, चूक माझी." मला धाप लागली व्हती. "तिचा हात मला वाचता आला न्हाई. तिचं मन हाय. पहिल्यापास्नंच हाय, मलाच ठाऊक न्हवतं." आन काय करावं ते न सुचून मी डावा हात खिडकीतून आत घातला. "घड्याळ द्या. ह्या खेपेला इसार म्हणूनच द्या."

शेट पोराकडं बघायला लागले. पोरगं माझ्याकडं बघायला तयार न्हाई. ते माझ्या मागं बघून राहिलेलं. मी वळलो. सुकन्या अनवाणी पळत आलेली, डोळे लाल, हातात अजून ते फडकं.

"सरका, अप्पा," ती म्हणाली. मला बाजूला केलं, खिडकीत वाकली आन उमाशंकरपुढं हात पसरला. त्यानं खिशातून घड्याळ काढून तिला दिलं. तिनं ते फडक्यानं एकदा पुसलं, माझ्या मनगटावर चढवलं, खटका लावला.

"राहू द्या," ती म्हणाली.

बाईनं इसार केल्याचं मी उभ्या बाजारात कधी बघितलं न्हाई. माझ्या पोरीनं स्वतःच्या लग्नाचा इसार भर गल्लीत स्वतःच्या हातानं केला, आन मी आपला हात पुढं धरून नुसता उभा.